घोडा भाड्याने घेण्याआधी मांड पक्की करा

शहादा-दोंडाईचा पट्ट्यातल्या माणसाला घोडा नवा नसतो. मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरली, की तापीकाठी राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून घोडे उतरतात. आम्ही पोरं एकमुखी दत्ताचं दर्शन उरकून सरळ घोडेबाजारात घुसायचो. कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडणारा मारवाडी, त्याच्याच कुळातला वाटणारा पण अंगानं आटोपशीर काठियावाडी, पांढराशुभ्र नुकरा हे मला दहाव्या वर्षीच ओळखता येत होते. घोडा ओळखता येतो म्हणजे घोड्यावर बसता येतं, असा माझा समज त्या यात्रेतूनच झाला.

तो समज एका थंड हवेच्या ठिकाणी मोडला, आणि सोबत माझं डावं मनगटही. भाड्याचा घोडा जाताना गाढवासारखा गरीब होता. परतीला वळलो आणि त्याला ठाण्याची, म्हणजे बांधायच्या जागेची, ओढ लागली. चालीची दुडकी झाली, दुडकीची दौड. मी जीव खाऊन लगाम ओढत होते आणि तो आणखी पळत होता. वळणावर उजवी रिकीब (पाय अडकवायचं कडं) सुटली आणि मी लाल मातीत पडले. माझी नऊ वर्षांची मुलगी मागच्या घोड्यावरून हे सगळं बघत होती. तिचाही घोडा उधळला असता तर काय झालं असतं, या विचाराने त्या रात्री मला झोप आली नाही.

मनगट बरं झाल्यावर मी तापीकाठच्या एका गावात, पिढ्यान्‌पिढ्या घोडी सांभाळणाऱ्या घरातल्या एका आबांकडे शिकायला गेले. माझ्या पडण्याची हकिकत ऐकून दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझं सगळं दुखणं एका वाक्यात सांगितलं: "ताई, तू लगामले लोंबकयी ऱ्हायनी, म्हनीसन तो पयी ऱ्हायना." मी लगामाला लोंबकळत होते, म्हणून तो पळत होता. पुढे जे लिहिलं आहे ते सगळं या एका वाक्यातून निघालेलं आहे. लगाम हा आधार नव्हे. आधार मांडीचा, पाठीचा, टाचेचा. ज्याला हाताने काहीही न धरता घोड्यावर बसता येतं, म्हणजे ज्याची मांड पक्की आहे, त्यानेच घोडा भाड्याने घ्यावा.

आधी वेळेचा हिशेब

माथेरान, महाबळेश्वर, पाचगणीचं टेबललँड, आपल्याला जवळचं सापुतारा, उत्तरेकडे कुफरी, पहलगाम, गुलमर्ग, नाहीतर गौरीकुंडाहून केदारनाथची वाट. या सगळीकडे पर्यटक बसतो तो घोडा स्वतः चालवत नसतो. घोडा पुढच्या घोड्यामागे सवयीने चालतो आणि आपण त्याच्यावर ठेवलेलं ओझं असतो. प्लॅस्टिकची पिशवी उडेपर्यंत, कुत्रं अंगावर येईपर्यंत किंवा घोड्याला ठाण्याची ओढ लागेपर्यंत यात काही बिघडत नाही. बिघडतं ते तेव्हा, आणि त्या चार सेकंदांसाठीच शिकायचं असतं.

मराठ्यांच्या फौजेत स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. सहलीला गेलेला माणूस बारगीरच. घोडा त्याचा नाही, सवयी त्याला ठाऊक नाहीत, खोगीर त्याच्या मापाचं नाही. म्हणून उलट त्याचीच मांड जास्त पक्की हवी. (मल्हारराव होळकर लहानपणी आपल्या तळोद्याला मामांकडे वाढले आणि बारगिरीपासूनच वर आले, हे मी शिकायला आलेल्या पोरांना नेहमी सांगते.)

माझ्या मते सहलीच्या निदान दोन महिने आधी सुरुवात करावी. आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी पाऊण तास, असे सोळा तरी धडे. चार दिवसांत शिकवून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. पी हळद आणि हो गोरी इथे चालत नाही, कारण शिकायचं असतं ते मांड्यांच्या आणि कमरेच्या स्नायूंना, आणि ते आपल्याच वेगाने शिकतात.

खानदेशात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने उत्तम. एप्रिल-मेमध्ये जळगाव-धुळ्याचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. तेव्हा शिकायचंच असेल तर सकाळी सहा ते साडेसात, त्यापुढे नाही. ओझी वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ साली केलेल्या नियमांत, तापमान ३७ अंशांच्या वर जातं तिथे दुपारी बारा ते तीन जनावर कामाला लावू नये असं स्पष्ट म्हटलं आहे. आपल्याकडे तर मार्चपासूनच ही वेळ येते. पावसाळ्यात काळी माती खुरांना चिकटते आणि घोडा घसरतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये वाळूचं किंवा मुरमाचं मैदान असेल तरच शिका.

कोणाकडे शिकायचं

खानदेशात घोडेस्वारीच्या रीतसर शाळा फारशा नाहीत. नाशिकला भोसला मिलिटरी स्कूलमध्ये (स्थापना १९३७) मुलांना घोडेस्वारी शिकवण्याची जुनी परंपरा आहे. एन.सी.सी.मध्ये घोड्यांचा स्वतंत्र विभाग असतो, कॉलेजातल्या मुलांनी त्याची चौकशी करावी. बाकी आपल्यासाठी राहतात ती घोडी पाळणारी घरं. त्यांच्याकडे घोड्याची समज भरपूर असते. शिकवण्याची पद्धत मात्र प्रत्येकाकडे असतेच असं नाही, म्हणून पैसे देण्याआधी एक दिवस नुसतं बघायला जा.

बघायचं काय? माणूस आत आल्यावर घोडा कान मागे पाडून कोपऱ्यात सरकतो, की मान पुढे करतो. शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी लगाम हातात देतात, की लांब दोरावर घोडा गोल फिरवतात. डोक्यावर हेल्मेट घालायला लावतात का. घोड्याच्या पाठीवर, खोगिराखाली जखमा आहेत का. आणि शिकवणारा पडलेल्या माणसाकडे धावतो की पळालेल्या घोड्याकडे. आबा माणसाकडे धावायचे, आणि घोडा सापडतोच म्हणायचे.

आता एक गोष्ट जरा कळकळीने सांगते. आपल्याकडे सहज मिळणारा घोडा म्हणजे वरातीचा. बँडवाल्याच्या ओळखीने तो फुकटही मिळतो. त्याच्यावर शिकू नका. नाचणाऱ्या घोड्याला लगाम ताणला की जागच्या जागी पाय उचलायला शिकवलेलं असतं. नवशिका घाबरून लगाम ओढतो आणि घोड्याला वाटतं, नाचायचा हुकूम झाला. तो पाय उचलतो, नवशिका आणखी ओढतो. यात घोड्याची काहीच चूक नाही, तो शिकवलेलंच करतो आहे. शिवाय अशा कितीतरी घोड्यांच्या तोंडात काटेरी कडियाळं (लगाम जोडलेली तोंडातली लोखंडी पट्टी) असतं. वर सांगितलेल्या १९६५च्या नियमांत काटेरी लगामाला मनाई आहे, तरी तो विकला जातो, घातला जातो. तसं कडियाळं दिसलं तर त्या घोड्यावर बसू नका.

शिकायला घोडा वयाने मोठा, शांत आणि मध्यम उंचीचा असावा. यात्रेतून नुकताच आणलेला तीन वर्षांचा शिंगरू दिसायला कितीही देखणा असला तरी नको. नवशिका स्वार आणि नवशिका घोडा एकत्र आले की दोघंही बिघडतात.

अंगावर काय घालायचं

डोक्यावर घोडेस्वारीचं हेल्मेट. ते कानशिलं आणि डोक्याची मागची बाजू झाकतं, आणि हनुवटीखाली पट्ट्याने पक्कं बसतं. मोटरसायकलचं हेल्मेट जड असतं, मान डोलते आणि बाजूचं दिसत नाही. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदला.

पायात घोट्यापर्यंतचा, गुळगुळीत तळव्याचा आणि दोन-अडीच सेंटिमीटर टाचेचा बूट. टाच कशाला? पाय रिकिबीतून आरपार जाऊ नये म्हणून. घोड्यावरून पडण्यापेक्षा वाईट म्हणजे पडल्यावर पाय रिकिबीत अडकून फरपटत जाणं. जाड खाचांचे स्पोर्ट्स शूज रिकिबीत रुततात. चप्पल, सँडल, उंच टाचेचे बूट अजिबात नकोत. रिकीब बुटापेक्षा दोन्ही बाजूंना बोटभर तरी रुंद हवी.

घट्ट पण ताणणारी पँट घाला, आतल्या बाजूला जाड शिवण नको, मांड्या सोलतात. बायकांनी ओढणी, स्कार्फ, मोकळी बट, लांब मंगळसूत्र हे सगळं खाली ठेवावं. ओढणी उडून घोड्याच्या डोळ्यांपुढे आली की तो बिचकतो, आणि अडकली तर गळ्याला फास बसतो. मोबाइल खिशात, आवाज बंद. आणि शिकायला सुरुवात करायच्या आधी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. घोड्याच्या लिदीत आणि तबेल्याच्या मातीत त्याचे जंतू असतात, लहानशी खरचटही पुरते.

पहिले तीन दिवस जमिनीवर

आबांनी मला तीन दिवस घोडीवर बसू दिलं नाही. मला राग आला होता. आज मी कुणाला शिकवायला मदत करते तेव्हा तेच करते.

घोडा हा शिकार होणारा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. नेमकं दिसत नाही ते नाकाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या थेट मागचं. साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये ही म्हण उगाच पडलेली नाही. जायचं ते डाव्या खांद्याकडून, तिरकं, तोंडाने काहीतरी बोलत. आधी मानेला हात लावायचा, थेट नाकाला नाही. मागे जायचंच असेल तर एकतर हात त्याच्या पुठ्ठ्यावरून फिरवत अगदी लगटून जा, नाहीतर दोन-अडीच मीटर लांबून. लाथेचा खरा जोर मधल्या अंतरावर लागतो.

कान वाचायला शिका. पुढे टवकारलेले असले तर त्याला समोर काहीतरी दिसलं आहे, तुम्हीही बघा. एक कान तुमच्याकडे वळला असेल तर तो ऐकतो आहे. मानेला चिकटून मागे पडले तर लांब व्हा. शेपटीचे झटके, ताणलेल्या नाकपुड्या, डोळ्याचं पांढरं दिसणं, या सगळ्यांचा अर्थ थांबा असाच आहे.

मग खरारा. रोज दहा मिनिटं खरारा करा. अंग साफ होतंच, पण तुमचा हात त्याच्या पाठीवर, छातीवर, पोटाखाली कुठे चालतो आणि कुठे खपत नाही हे कळतं. खूर उचलायला शिका, तळव्यातला खडा काढायला शिका. नालबंद येईल त्या दिवशी मुद्दाम जा. सैल नाल कसा वाजतो हे एकदा ऐकलं की सहलीच्या घोड्याखाली तो लगेच ओळखू येतो.

म्होरकी (तोंडाला बांधलेला दोर) धरून घोडा चालवायचा तो त्याच्या डाव्या खांद्याशी उभं राहून. दोराचा पिळा हाताला कधीही गुंडाळायचा नाही. घड्या करून मुठीत धरा, म्हणजे ओढ बसली तर सुटेल. खायला द्यायचं ते सपाट तळव्यावर. आणि मालकाला विचारल्याशिवाय काहीच देऊ नका. घोड्याला उलटी होत नाही. चुकीचं खाणं पोटात अडून शूळ उठतो आणि त्यात घोडा दगावतो. पर्यटनस्थळी पोरं बिस्किटं आणि भजी भरवतात तेव्हा माझा जीव कासावीस होतो.

चढणं

आधी तंग तपासा. खोगिराचा पट्टा आणि पोट यांच्यामध्ये दोन बोटं जेमतेम जावीत. पुष्कळ घोडे तंग आवळताना पोट फुगवून धरतात. म्हणून चार पावलं चालवून पुन्हा तपासायचा, आणि वर बसल्यावर पाच मिनिटांनी तिसऱ्यांदा. मी पडले त्या दिवशी तंग कुणीच तपासला नव्हता, मीही नाही.

रिकिबीची लांबी बसण्याआधीच जुळवता येते. बोटांची टोकं खोगिराला जिथे रिकिबीचा पट्टा अडकवलेला असतो तिथे लावा आणि पट्टा हाताखालून ताणा. रिकीब काखेपर्यंत आली की साधारण माप बरोबर.

चढायचं डावीकडून. तलवार डाव्या कमरेला असायची, त्यापासूनची ही रीत. डाव्या हातात लगाम आणि आयाळ एकत्र धरा, डावा पाय रिकिबीत, बुटाचं टोक घोड्याच्या पोटात रुतवू नका. उजवा पाय पुठ्ठ्यावरून मोकळा न्या आणि हळू बसा. धपकन बसलात तर तो धक्का त्याच्या कण्याला बसतो. ओट्यावरून किंवा दगडावरून चढायला लाजू नका, घोड्याच्या पाठीला ते बरं.

उतरताना मात्र बहुतेक जण चूक करतात: एक पाय रिकिबीत ठेवून दुसरा टाकतात. दोन्ही पाय आधी रिकिबीतून काढा, पुढे वाका, उजवा पाय वरून आणा आणि घसरून दोन्ही पायांवर उतरा.

मांड

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. सोळापैकी सहा धडे यातच जाऊ देत.

घोडा लांब दोरावर, दोर शिकवणाऱ्याच्या हातात. घोडा गोल चालतो आहे, तुमच्या हातात लगाम नाही. भीती वाटली तर खोगिराच्या पुढच्या उंचवट्याला हात लावा, तिथे एक दोरीचं कडं बांधून घेतलं तर आणखी चांगलं. आता बाजूने कुणाला तरी बघायला सांगा: कान, खांदा, कंबर, टाच एका उभ्या रेषेत आहेत का? खुर्चीत बसल्यासारखे पाय पुढे गेले असतील तर तोल मागे गेला. पुढे वाकलेले असाल तर पहिल्याच धक्क्याला मानेवरून जाल.

वजन दोन्ही बैठकींच्या हाडांवर सारखं. गुडघे आवळायचे नाहीत, हे लक्षात ठेवा, कारण घाबरलेला माणूस हेच करतो. गुडघे आवळले की मांड चिमट्यासारखी वर उचलली जाते. मांडी लांब सोडा, टाच खाली जाऊ द्या. रिकिबीवर पायाचा चवडा, टाच त्याहून खाली.

मग व्यायाम. दोन्ही हात पक्ष्यासारखे पसरा. एक हात डोक्यावर. उजव्या हाताने डाव्या बुटाला शिवा. मागे वळून घोड्याच्या शेपटीकडे बघा. डोळे मिटून दोन फेऱ्या मारा आणि घोड्याचा कुठला मागचा पाय पडतो आहे ते मोठ्याने सांगा. नंतर रिकिबी काढून हेच सगळं. तीन-चार धड्यांनी मांड्यांच्या आतून असं दुखेल की जिना उतरवणार नाही. दुखू द्या. आठवड्याने कमर घोड्याच्या चालीबरोबर आपोआप पुढे-मागे होऊ लागते, झोपाळ्यावर बसल्यासारखी. ते एकदा जमलं की पुढचं सगळं सोपं.

पुढच्या धड्यात लगाम हाती घ्या. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामधून तो आत येतो आणि अंगठ्याखाली दबतो, अंगठा वर. कोपर वाकलेलं आणि मऊ. लगामाचं दुसरं टोक जिवंत तोंडात आहे, तिथे जीभ आणि हिरडी आहे. आबा मला लगामाचं एक टोक हातात धरायला देऊन दुसऱ्या टोकाकडून स्वतः झटका द्यायचे. दोन झटक्यांत माझा हात हलका झाला.

थांबवणं आधी, पळवणं नंतर

चालवण्याच्या तीन खुणा: बैठक, पाय, हात. याच क्रमाने. पुढे जायचं तर पाठ ताठ, नजर समोर, पोटऱ्यांचा हलका दाब. टाच मारायची ती दाब ऐकला नाही तरच. वळायचं तर आधी नजर वळवा, मग खांदे, मग लगामाचा हलका इशारा, आणि बाहेरचा पाय जरा मागे.

थांबायचं तर श्वास सोडा, खोगिरात जड बसा, कमरेचं हलणं थांबवा आणि मग बोटं मिटा. ओढायचं नाही. बोटं मिटा, सोडा, मिटा, सोडा. सलग ओढत राहिलात तर घोडा त्या ओढीवर मान टेकतो आणि ओढाओढीत माणूस कधी जिंकत नाही, तीन-चारशे किलोंचं जनावर आहे ते.

आता उधळलेल्या घोड्यासाठी. एका बाजूचा लगाम आखूड धरून घोड्याचं नाक हळूहळू आपल्या गुडघ्याकडे आणायचं, म्हणजे तो गोल फिरू लागतो. गोल लहान लहान करत न्या, वेग मरतो. दुसरा लगाम तेवढा सैल सोडा. भर दौडीत एकदम हिसका दिलात तर घोडा आडवा पडेल, म्हणून वर्तुळ सावकाश आवळा. अरुंद पायवाटेवर, एका बाजूला दरी असताना हे करताच येत नाही. तिथे मागे रेलून, खोल बसून, मिटा-सोडा करत राहा आणि चढ दिसला तर त्याला चढाकडे न्या. हे सगळं उभ्या घोड्यावर, मग चालीवर, मग दुडकीत पन्नास वेळा करा. गरज पडेल तेव्हा विचार करायला वेळ नसतो.

चाली

कदम चालीत चार टापा वेगवेगळ्या पडतात, वेग तासाला सहा-सात किलोमीटर. दुडकीत पुढचा उजवा आणि मागचा डावा असे कर्णातले दोन पाय एकत्र पडतात, म्हणून माणूस उसळतो. एका ठोक्याला उठायचं, दुसऱ्याला बसायचं, ही लय साधली की पाठ वाचते, तुमचीही आणि त्याचीही. मारवाडी-काठियावाडी घोड्यांत रेवाल चाल असते, एका बाजूचे पाय जवळजवळ एकत्र पडतात आणि वर बसलेल्याच्या हातातलं पाणीही सांडत नाही म्हणतात. रेवाल घोड्यावरच शिकलेला माणूस डोंगरातल्या दुडकीच्या तट्टावर बसला की हबकतो, म्हणून दुडकी शिकूनच घ्या. हलकी दौड दोन-तीन धडे पुरे. सहलीत ती करायची नसतेच, पण घोड्याने स्वतःहून सुरू केली तर अंगाला ओळखीची असावी.

पडणंही ठरलेलंच. पडताना पाय रिकिबीतून सुटू द्या, लगाम सोडून द्या, हात पुढे टेकवू नका (माझं मनगट तसंच गेलं), अंग गोळा करून घोड्यापासून लांब लोळा. डोक्याला मार बसला, मळमळलं, गोंधळल्यासारखं झालं, तर त्या दिवशी पुन्हा घोड्यावर बसायचं नाही, दवाखान्यात जायचं. पडल्यावर लगेच बसलंच पाहिजे, नाहीतर भीती बसते, हा सल्ला डोक्याच्या माराला लावू नका.

मैदानाबाहेर

शेवटचे चार धडे शेतरस्त्यावर. केळीच्या बागांमधली बोळ, फडफडणारी पानं, ठिबकच्या नळ्या, ट्रॅक्टर, वस्तीवरची कुत्री. डोंगरातल्या पायवाटेवर घोडा ज्या ज्या गोष्टींना बिचकतो त्या सगळ्या आपल्याकडे बांधावरच मिळतात. सोबत अनुभवी घोडा पुढे असू द्या. दोन घोड्यांमध्ये एका घोड्याएवढं अंतर ठेवा. शेपटीला लाल फीत बांधलेली दिसली तर तो लाथाळ आहे.

तापी-गोमाईच्या काठाचा चढ-उतार सरावाला चांगला. चढताना कमरेतून पुढे व्हा, आयाळ धरा, लगाम सैल, त्याला मान पुढे काढू द्या. उतरताना सरळ बसा, टाचा खाली, पाय थोडे पुढे, वाट त्याला निवडू द्या. उथळ पाण्यात घोडा पुढच्या पायाने पाणी खणू लागला तर तो लोळायच्या बेतात आहे. लगेच पायाने दाबून पुढे काढा.

मग स्वतःची परीक्षा घ्या. हात न लावता दुडकीत पाच मिनिटं बसता येतं का? कदम चालीतून तीन पावलांत थांबवता येतं का? इतर घोडे पुढे गेले तरी तुमचा जागेवर उभा ठेवता येतो का? तिसरं सगळ्यात अवघड, आणि सहलीत सगळ्यात कामाचं.

घोड्यांच्या ठाण्यावर

माथेरानला दस्तुरी नाक्यावर गाड्या थांबल्या, की घोडे समोर उभेच असतात. घाई करू नका. पहिल्या दोन-चार घोड्यांजवळ शांतपणे जा. खोगिराखालचं कापड उचलायला सांगा: जखम, सूज, केस गेलेला डाग दिसला तर नको. तोंडाचे कोपरे फाटलेले नाहीत ना? घोडेवाल्याला दहा पावलं दुडकीत पळवून दाखवायला सांगा. मान वरखाली हिसडत असेल तर पाय दुखतो आहे. रिकिबीचा पट्टा आणि तंग यांची शिवण स्वतः ओढून बघा.

वजनाचं खरं सांगा. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नको, असा जगभरातल्या घोडेवाल्यांचा अंदाज आहे. डोंगरातली तट्टं अडीचशे-तीनशे किलोंची असतात, म्हणजे खोगिरासकट पन्नास-साठ किलो. १९६५च्या नियमांतही तट्टावर ७० किलोंपेक्षा जास्त ओझं लादू नये असं आहे. ऐंशी-नव्वद किलोंच्या माणसाने मोठा घोडा मागावा, नसेल तर पायी जावं. एका घोड्यावर आई आणि लेकरू असे दोघं बसू नयेत. लहान मुलाला ओढणीने खोगिराला बांधू देऊ नका. घोडा पडला तर मूल सुटणार नाही. मुलाच्या घोड्याचा दोर पूर्ण वाटभर माणसाच्या हातात हवा, ही अट आधीच घाला.

घोडेवाल्याशी बोला. दादा, आज याच्या किती फेऱ्या झाल्या? कशाला बिचकतो? त्याचं पोट या जनावरावर आहे, आणि नीट विचारलं की तो खरं सांगतो असा माझा अनुभव आहे. तुम्ही किती शिकला आहात ते वाढवून सांगू नका. मागून चाबूक ओढायचा नाही, परतीला पळवायचं नाही, हे निघण्याआधी ठरवा. फोटो उतरून काढा.

गेल्या वर्षी आम्ही पुन्हा त्याच ठिकाणी गेलो. परतीच्या वळणावर माझ्या घोड्याने कान टवकारले, अंग आखडलं, मला ते मांडीखाली आधीच कळलं. मी श्वास सोडला, जड बसले, बोटं मिटली आणि सोडली. तो चालत राहिला. ठाण्यावर उतरल्यावर तंग सैल केला आणि घोडेवाल्याला खोगीर उतरवायला सांगितलं. आबांनी शिकवलेली शेवटची तपासणी हीच: पाठीवर घामाचा ओला ठसा कण्याच्या दोन्ही बाजूंना सारखा उमटला असेल तर तुम्ही मधोमध बसला होतात. मध्ये कुठे कोरडा डाग असेल तर तिथे खोगीर रुतत होतं, ते घोडेवाल्याला दाखवायचं. माझ्या मुलीने आधी तिच्या घोड्याची पाठ बघितली, मग माझ्या. तिच्याकडे ठसा सारखा होता. माझ्याकडे डावीकडे थोडा जास्त.